खोक्यावर अठ्ठावन्न

६ मार्च

मामा,

तब्येतीची चौकशी शेवटी करते, आधी कामाचं लिहू दे, नाहीतर मी नेहमीसारखी भरकटेन.

काल फोन केला होता. ताईने तो तुमच्या कानाला लावून दिला, मी तीनदा ‘केव्ही’ म्हटलं आणि तुम्ही तीनदा ‘पीबी’ ऐकलंत. शेवटी तुम्हीच म्हणालात, ‘बडबडे, लिहून पाठव. मला आता डोळ्यांनीच ऐकू येतं.’ म्हणून हे पत्र.

आमच्या हॉस्पिटलच्या औषधखोलीत एक लेझर प्रिंटर आहे. प्रत्येक बाटलीवर लावायची चिठ्ठी त्यावर निघते: खाटेचा नंबर, औषध, किती द्यायचं, किती वेळा. त्याचे टोनर मागवायचे, आले की मोजून घ्यायचे आणि सही करायची, हे काम माझं. स्टोअरच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. फेब्रुवारीच्या शेवटी बारा खोकी आली. मी नंबर बघितला, मागवला होता तोच होता, सही केली.

पहिलं कार्ट्रिज सोमवारी लावलं. छपाई काळीभोर, सुरेख. मंगळवारी मुलांच्या वॉर्डच्या सिस्टर खाली आल्या, एक बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. औषधाचं निम्मं नाव त्यांच्या अंगठ्यावर आलं.

कागद बदलून पाहिला, तेच. दुसरं कार्ट्रिज लावलं, तेच. मशिनचा माणूस म्हणतो मशिन ठणठणीत आहे, टोनर बघा. पुरवठादार म्हणतो टोनर अस्सल आहे, नंबर बघा. नंबर तर मी रोज बघते, पण त्यातलं मला कळतं काय? मशिनवर लिहिलंय ३२१०. खोक्यावर मोठ्या अक्षरांत केव्ही-५८एच-३, आणि बारकोडखाली बारा आकडे. यातलं कुठलं काय सांगतं, ते मला समजावून लिहा. तुम्ही तीस वर्षं ही मशिनं उघडलीत.

छपाई थांबवता येत नाही. दिवसाला दोनशे बाटल्या जातात. तोवर प्रत्येक चिठ्ठीवर चिकटपट्टी लावायची असं ठरलंय. मला ते पटत नाही, पण माझ्या पटण्याला तिथे कोण विचारतो.

रक्तदाबाच्या गोळ्या घेताय ना?

तुमची,
बडबडी

११ मार्च

बडबडे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. फोनवर तू दोन मिनिटांत बोलतेस त्याहून यात कमी शब्द आहेत, म्हणजे बाई खरोखर काळजीत आहेत.

आता नीट ऐक. ३२१० हे मशिनचं नाव. दुकानात गेल्यावर ‘आमच्याकडे अमुक मशिन आहे’ एवढं सांगायला ते बरं. टोनरचा नंबर वेगळा. त्यातलं ‘केव्ही’ म्हणजे पुडीचं कार्ट्रिज. तिथे ‘केडी’ असेल तर तो ड्रम, पूड कागदावर उतरवणारा दंडगोल. दिसायला दोघं भावंडं, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. आकड्यांपुढे ‘एच’ असेल तर पानं जास्त निघतात, ‘एस’ असेल तर कमी. टोकाचा ३ सांगतो की माल कुठल्या भागात विकायला बनवला. बारकोडखालचे आकडे म्हणजे बनवल्याचा दिवस, खेप आणि त्या एका नगाचा अनुक्रम. दोन नगांचे ते बाराही आकडे कधी सारखे नसतात.

राहिले मधले दोन आकडे, ५८. ते घराणं. सगळा जीव त्यांच्यात. टोनर ही शाई नव्हे, पूड असते. कागदावर ती नुसती बसते, मग तापलेल्या रुळाखालून जाताना वितळून कागदाला धरते. कुठल्या मशिनचा रूळ किती तापतो आणि त्या उष्णतेला कुठली पूड वितळते, ते घराण्यावर ठरतं. अंगठ्याला काळं लागतंय याचा अर्थ पूड वितळलेलीच नाही. एकतर रूळ थंड पडलाय, नाहीतर पूड दुसऱ्या घराण्याची आहे.

मशिनच्या माणसावर विश्वास ठेव, तो खरं बोलत असावा. आता खोक्याकडे बघू नकोस. खोकं कागदाचं, कार्ट्रिजवरचा स्टिकरही कागदाचा, आणि कागद कुणीही छापतो. जन्माचा नंबर प्लास्टिकमध्येच ओतलेला असतो, उठावाचा. ज्या टोकाला दातेरी चाकं आहेत तिथला स्टिकर नखाने उचल, खिडकीपाशी जा आणि तिरप्या उजेडात धर. काय दिसतं ते जसंच्या तसं लिहून कळव.

सही करण्याआधी एक तरी खोकं फोडायला हवं होतंस. रागावत नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

गोळ्या घेतो. ताई समोर उभी राहून घ्यायला लावते.

मामा

१५ मार्च

मामा,

तुमचं पत्र परवा मिळालं, पण त्याआधीच व्हायचं ते होऊन गेलं.

मुलांच्या वॉर्डात नऊ वर्षांची एक मुलगी आहे. तिला हृदयाचं औषध चालू आहे, एका वेळी १.० मिली. गुरुवारी सकाळी गर्दीत एका बाटलीवर चिकटपट्टी लावायची राहिली. बाटली फ्रिजमधून काढली, कुणीतरी ओल पुसली. मधला ठिपका पुसला गेला. नवीन सिस्टरने १० वाचलं आणि १० दिलं. तासाभरात मुलीची नाडी मंदावली. आज चौथा दिवस, ती अजून अतिदक्षता विभागात आहे. तिची आई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून असते, आणि स्टोअरला जायला दुसरी वाट नाही.

चौकशी समिती नेमली आहे. प्रशासक, मोठे डॉक्टर आणि मुख्य कार्यालयातून एक बाई. आवकवहीत ‘तपासून घेतले’ याखाली माझी सही आहे. प्रशासक म्हणाले, ‘तपासलं म्हणजे नक्की काय केलंत?’ मी म्हटलं, ‘खोक्यावरचा नंबर वाचला.’ त्यांनी ते लिहून घेतलं. किल्ल्या काढून घेतल्या, उद्यापासून घरी बसायचं आहे.

किल्ल्या देण्याआधी मी तुम्ही सांगितलं तसं केलं. सिस्टरना शेजारी उभं केलं आणि बाराही नग उघडले. स्टिकरवर ५८. स्टिकर उचलला की खाली उठावात केव्ही-८५एच. बाराच्या बारा. आणि बारकोडखालचे आकडे सगळ्यांवर तेच ते. सिस्टरनी यादीवर सही केली आहे.

आणखी एक गोष्ट, तिचा अर्थ लागत नाही. दातेरी चाकांच्या कडेला सुईने ओढल्यासारख्या तीन बारीक रेघा आहेत, डावीकडे कललेल्या, आणि शेजारी एक टोचलेला ठिपका. काहींवर रेघा दोनच आहेत. कंपनीत अशी खूण करतात का? हे कोणाचं काम आहे ते यावरून सांगता येईल का? समिती म्हणते, स्टिकर तुम्हीच नंतर बदलले नाहीत कशावरून. माल आला तेव्हाच असा होता, हे मला दाखवून द्यायचं आहे, आणि माझ्याजवळ त्या रेघांशिवाय काही नाही.

लगेच लिहा.

२१ मार्च

प्रिय बडबडे,

तुझ्यावर काय वेळ आली आहे ते कळलं. वाईट वाटलं. पण मला एक सांगायचं आहे, मनाला लावून घेऊ नकोस.

बाबांना तुझं दुसरं पत्र आलं त्या दिवसापासून त्यांचं काहीतरी बिनसलं आहे. ताटावर बसतात आणि उठतात. मागच्या खोलीतलं त्यांचं कामाचं टेबल त्यांनी आवरून टाकलं. रिकामी कार्ट्रिजं भरत बसतात, वेळ जातो, म्हणून तुझ्या दाजींनीच त्यांना ते काम आणून दिलं होतं. आता हात लावत नाहीत. दाजींनी विचारलं, ‘पत्र कोणाचं?’ तर घडी घालून खिशात ठेवलं. रक्तदाब वाढला आहे. डॉक्टर म्हणाले, डोक्याला ताप नको.

ते बहात्तर वर्षांचे आहेत. तुझ्या कचेरीची भांडणं त्यांच्या अंगावर टाकू नकोस. माहीतगार माणसं तुमच्या शहरातही असतील. कृपा करून त्यांना पुन्हा लिहू नकोस. मामेबहीण असले तरी मोठी बहीण म्हणून सांगते आहे.

मुलगी बरी होवो.

ताई

२४ मार्च

चि. बडबडीस,

पत्र मिळालं. रेघांचं फारसं मनावर घेऊ नये. अशा खुणा बरेच जण करतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. पुरवठादाराला माल परत द्यावा आणि तपासण्यात चूक झाली असं समितीला लिहून द्यावं. कबूल केलेल्या चुकीला शिक्षा कमी होते.

माझी प्रकृती ठीक आहे.

मामा

२७ मार्च

मामा,

ताईने लिहू नकोस म्हटलं आहे. हे शेवटचं.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘हे माझ्या भावाचं अक्षर आहे, पण बोलणं त्याचं नाही.’ तुम्ही मला कधी ‘चि.’ लिहिलं नव्हतं.

माझ्या ध्यानात येतं आहे. तुम्हालाही वाटतं की मी पुरवठादाराशी हातमिळवणी केली, किंवा निष्काळजीपणा केला आणि आता दुसऱ्यावर ढकलते आहे. निष्काळजीपणा केलाच. खोकं फोडलं नाही, हे मी समितीला सांगितलं आहे, पुन्हा सांगेन. पण ८५ वर ५८ मी चिकटवले नाहीत. जे केलं नाही ते कबूल करून शिक्षा कमी करून घ्यायची, हे तुम्ही मला कधी शिकवलं नव्हतंत.

मुलीने काल डोळे उघडले. पाणी मागितलं. डॉक्टर अजून दोन दिवस काही बोलायला तयार नाहीत.

समितीची बैठक ८ एप्रिलला सकाळी दहाला आहे. पुरवठादाराची तीच कार्ट्रिजं आणखी कुठे कुठे गेली असतील याचा विचार केला की मला बसवत नाही. तुम्हाला येत असूनही सांगायचं नसेल तर नका सांगू. पण मला चूक कबूल कर म्हणू नका.

गोळ्या घ्या.

१ एप्रिल

बडबडे,

हे पत्र मी घराबाहेर, वाचनालयात बसून लिहितो आहे. घरी लिहिलं असतं तर पोस्टात पडलं असतं की नाही याची खात्री नव्हती.

त्या रेघा माझ्या आहेत.

कार्ट्रिज एकदा भरलं की एक रेघ, आतलं दातेरी चाक बदललं की एक ठिपका. पंचवीस वर्षांपूर्वी मीच ही पद्धत काढली, आमच्या वर्कशॉपमध्ये दुसरं कोणी वापरत नसे. दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताला तो झटका आला, तेव्हापासून माझी रेघ डावीकडे कलते. तुझ्या पत्रात ‘कललेल्या’ हा शब्द वाचला आणि चष्मा काढून बसून राहिलो.

तुझे दाजी रिकामी कार्ट्रिजं आणतात, मी भरतो. मला सांगितलं होतं की जुनी ८५ ची मशिनं असलेल्या दोन-तीन कचेऱ्या आहेत, त्यांना भरलेली म्हणूनच देतात. ८५ च्या अंगात मी ८५ चीच पूड भरली, बडबडे. काम चोख केलं. ८५ चा रूळ जास्त तापतो, तिथे ती छपाई दगडावरच्या रेघेसारखी बसली असती. तुमच्या ५८ च्या मशिनला तेवढी उष्णता नाही. दोन्हींचं अंग सारखं, म्हणून कार्ट्रिज आत बसतं. मशिनने ओळख विचारू नये म्हणून बारीक चिप बदललेली असणार. मग वर स्टिकर, नवं खोकं, आणि माल तुमच्या पुरवठादाराच्या हाती.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर मीही फसवला गेलो असं म्हणता आलं असतं. पण मी थांबत नाही. जानेवारीत पुठ्ठा शोधायला मी पुढच्या गोदामात गेलो होतो. तिथे स्टिकरचे ताव होते. प्रत्येकावर केव्ही-५८एच-३. आमच्याकडे ५८ चं एकही कार्ट्रिज कधी आलं नव्हतं. मला तिथल्या तिथे समजलं. जावई मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘बाबा, तुम्हाला पुठ्ठा कशाला हवा, मला सांगायचं ना.’ मी पुठ्ठा घेतला आणि परत आलो. त्यांच्या घरात राहतो, त्यांच्या ताटात जेवतो. मुलीचा संसार आहे. कुठल्यातरी कचेरीत दोन पानं पुसट येतील, एवढंच होईल, अशी स्वतःची समजूत घातली. औषधाच्या बाटल्या माझ्या डोक्यात आल्या नाहीत. यायला हव्या होत्या. तुझ्या पहिल्या पत्रात तोच नंबर दिसला तेव्हाही, असा माल बाजारात खूप असतो, असं स्वतःला सांगितलं.

२४ तारखेचं पत्र लिहिताना जावई खोलीत होते. पण हात माझाच होता.

तुझ्याबद्दल मला क्षणभरही शंका आली नाही. मला माझी लाज वाटत होती, तिला तू शंका समजलीस.

मी ७ तारखेला येतो आहे. कुणाला सांगितलेलं नाही. आईला सांग, धाकट्या भावाला चार दिवस ठेवून घे. चारच्या वर झाले तर बघू.

मामा

१४ एप्रिल

ताई,

तू फोन उचलत नाहीस. उचलावास असा हट्टही नाही. पण त्या दिवशी काय झालं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून लिहिते.

मामा ७ ला दुपारी आले. एक पिशवी, तिच्यात दोन सदरे आणि अवजारांची पेटी. आई दारात बराच वेळ त्यांचा हात धरून उभी होती, मग म्हणाली, ‘आधी हातपाय धू.’

दुसऱ्या दिवशी समितीसमोर त्यांनी सगळं सांगितलं. तुझ्यापासून लपवून काय मिळणार, दाजींचं नावही घेतलं. मुख्य कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, ‘या खुणा तुमच्याच कशावरून? भाचीला वाचवायला आला नाहीत कशावरून?’ मामांना ऐकू गेलं नाही. मी प्रश्न कागदावर लिहून दिला. त्यांनी वाचला, पेटीतून सुई काढली आणि म्हणाले, ‘एक रिकामं कार्ट्रिज द्या.’ शिपायाने आणून दिलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि तीन रेघा ओढल्या. मग मोठ्या डॉक्टरांनी ते आणि आमचं एक शेजारी शेजारी ठेवलं आणि भिंग मागवलं. प्रशासकांनी खिडकी उघडली, जास्त उजेड यावा म्हणून. रेघा एकाच बाजूला, सारख्याच कललेल्या.

‘तुम्ही राहता कुठे?’ हा प्रश्न मला लिहून द्यावा लागला नाही. त्यांनी ओठांवरून ओळखला. ‘जावयाकडे,’ म्हणाले. मग स्वतःच दुरुस्त केलं, ‘राहत होतो.’

मला स्टोअर परत मिळालं आहे, एक लेखी ताकीदही मिळाली आहे. ती रास्त आहे. प्रकरण पोलिसांकडे गेलं. मामांनाही जबाब द्यायला बोलावलं आहे. त्यांच्यावर काय येईल ते वकीलही सांगू शकत नाही.

मुलगी वॉर्डात परत आली. मामा तिला भेटायचं म्हणाले. जिन्यापर्यंत गेले. तिसऱ्या पायरीवर तिची आई बसलेली होती. मामांनी तिला सांगितलं, ‘ती पूड मी भरली होती.’ तिने त्यांच्याकडे बघितलं, पण उठली नाही. मामा वर गेले नाहीत. खाली येऊन बाकावर बसले.

तुझ्यावर माझा राग नाही. तुला माहीत होतं का, हे मी विचारणार नाही.

तुझी,
बडबडी

२२ एप्रिल

बडबडे,

तू विचारलं नाहीस, मी सांगते. माहीत नव्हतं. पण गोदामाला कुलूप का असतं हे मी सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही, आणि माहीत नसणं म्हणजे हेच असतं का, ते मला ठरवता येत नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी यांच्यासमोर ते मोठ्याने वाचलं. हे म्हणाले, ‘तुझ्या बापाने घर बुडवलं.’ मी म्हटलं, ‘किल्ली द्या.’ दिली नाही. दुसऱ्या दिवशी यांना चौकशीला बोलावलं, तेव्हा मी कुलूप तोडून घेतलं. पोलिसांनी पंचनामा केला. त्यांना माल हवा होता, मला यादी हवी होती. माल कुठे कुठे गेला त्याची यादी एका जुन्या डायरीत निघाली. तुमचं हॉस्पिटल, आणखी एक हॉस्पिटल, एक बाळंतपणाचं रुग्णालय आणि एक रक्त तपासायची प्रयोगशाळा.

पोलीस म्हणाले, ‘आम्ही पत्रं पाठवतो.’ पत्राला किती दिवस लागतात ते आपल्याला माहीत आहे. मी स्वतः निघाले.

पहिल्या ठिकाणी स्टोअरमध्ये तुझ्याच वयाची बाई होती. तिने विचारलं, ‘तुम्ही कंपनीच्या कोण?’ मी म्हटलं, ‘ज्याने हे चिकटवलं त्याची बायको.’ तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग खुर्ची दिली. नऊ खोकी बंद होती, ती तिने पोलिसांसाठी बाजूला ठेवली. बाळंतपणाच्या रुग्णालयात एक मशिनमध्ये लागलेलं होतं, चार दिवसांपासून. बाळांच्या मनगटाला बांधायच्या पट्ट्या त्याच मशिनवर छापतात. आम्ही तिघी-चौघी खाटांमधून फिरलो, एकेक पट्टी अंगठ्याने पुसून पाहिली, आईला नाव विचारलं आणि पेनाने पुन्हा लिहिलं. एकवीस बाळं. दोघांच्या पट्ट्या कोऱ्या झाल्या होत्या. दोघांच्याही आया शेजारीच होत्या, जाग्या होत्या.

प्रयोगशाळा राहिली आहे, तिथे उद्या जाणार.

बाबांना माझं पत्र वाचायला दे, तोंडी सांगू नकोस, अर्धं ऐकतील. मी घरी राहीन की नाही ते ठरलेलं नाही. शनिवारी तिकडे येते. आत्याला सांग, मला बाबांच्या समोर बसून रडायचं आहे, तेव्हा तुम्ही दोघी तेवढा वेळ बाहेर जा.

ताई